गवत मेल्यावर

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या इंग्रजी विज्ञानकादंबऱ्या म्हणजे साम्राज्य गमावलेल्या मध्यमवर्गाची करमणूक, असं विधान एका ज्येष्ठ समीक्षकांनी अलीकडे केलं. पुरावा म्हणून त्यांनी ब्रायन आल्डिसचा जुना शिक्का पुढे केला: 'कोझी कॅटॅस्ट्रॉफी', म्हणजे सुखासीन प्रलय. आल्डिसनं तो १९७३ साली 'बिलियन इयर स्प्री' या विज्ञानसाहित्याच्या इतिहासात मुख्यतः जॉन विंडमवर मारला होता. जग मरत असताना नायक मात्र फुकटच्या मोटारी, फुकटची हॉटेलं आणि देखणी सोबतीण मिळवून मजेत असतो, हा त्याचा आक्षेप. तेव्हापासून हा शिक्का एका हातातून दुसऱ्या हातात फिरतो आहे, आणि ज्यांनी ती पुस्तकं उघडलीही नाहीत तेही तो बिनदिक्कत वापरतात. या कादंबऱ्या आता पुन्हा छापल्या जात आहेत, नवे वाचक त्यांच्याकडे वळत आहेत. त्यांच्या वाटेत हा शिक्का आडवा येऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

विंडमची 'द डे ऑफ द ट्रिफिड्स' १९५१ सालची. एका रात्री आकाशात हिरव्या उल्कांचा वर्षाव होतो आणि तो पाहणारी सगळी माणसं सकाळी आंधळी होऊन उठतात. तेलासाठी जोपासलेल्या, चालणाऱ्या आणि विषारी फटका मारणाऱ्या वनस्पती मोकाट सुटतात. या उल्का नसून पृथ्वीभोवती फिरणारी माणसाचीच शस्त्रं असावीत, असा संशय निवेदक पुढे बोलून दाखवतो. स्पुटनिक अवकाशात जायला तेव्हा सहा वर्षं होती. कादंबरी मात्र वेगळ्याच प्रश्नाशी झगडते: दिसणाऱ्या मूठभरांनी न दिसणाऱ्या लाखोंना किती दिवस जगवायचं? कोकर नावाचा माणूस डोळस लोकांना पकडून आंधळ्यांच्या टोळ्यांशी बेड्यांनी बांधतो. नीती इथे अक्षरशः मनगटात अडकते. विंडम युद्धकाळात ब्रिटिश माहिती मंत्रालयात सेन्सॉर होता. बॉम्बहल्ले झेलणारं लंडन त्यानं पाहिलं होतं. ते मंत्रालय लंडन विद्यापीठाच्या सेनेट हाउसमध्ये होतं, आणि कादंबरीतले वाचलेले लोक जमतात तेही विद्यापीठाच्याच इमारतीत.

तरीही आल्डिसचं एक म्हणणं मान्य करावं लागतं. बिल आणि जोझेला परक्याच्या आलिशान घरात शिरून, चांगले कपडे घालून जेवतात, तो प्रसंग सुखासीनच आहे. खटला एकट्या विंडमच्या साक्षीवर चालला असता, तर तो अर्धा हरलाच असता.

माझी मुख्य साक्ष आहे जॉन क्रिस्टोफरची 'द डेथ ऑफ ग्रास', १९५६. क्रिस्टोफर म्हणजे सॅम यूड. कथेतला विषाणू आधी चीनमध्ये भाताचं पीक मारतो. मग तो रूप बदलून गव्हावर, बार्लीवर, कुरणांवर, गवताच्या अख्ख्या कुळावर उतरतो. इंग्लंडमध्ये ब्रेडवर रेशन आलं होतं १९४६ साली, आणि मांसावरचं रेशन उठलं १९५४ साली. म्हणजे या कादंबरीच्या पहिल्या वाचकांनी रिकामं फडताळ नुकतंच पाहिलं होतं.

जॉन कस्टन्स हा साधा, सभ्य इंजिनिअर. भाऊ डेव्हिडची उत्तरेकडच्या एका बंदिस्त दरीत शेती आहे. तिथे बटाटा पिकतो, म्हणजे जगण्याची सोय आहे. तोंडं कमी व्हावीत म्हणून सरकारच आपल्या शहरांवर बॉम्ब टाकण्याचा बेत करतं आहे, असं कळल्यावर जॉन बायकामुलं आणि मित्र यांना घेऊन निघतो. वाटेत सैनिकांना मारावं लागतं. मग एका शेतघरात अन्नासाठी नवराबायकोचा खून होतो आणि त्यांच्या अनाथ मुलीला टोळी सोबत घेते. जॉनचा आवाज तेवढाच समंजस राहतो. युक्तिवाद तेवढेच सरळ असतात. वाचकाला प्रत्येक पायरी पटत जाते, आणि या पुस्तकाची खरी भीती हीच आहे. शेवटी दरीच्या तोंडाशी डेव्हिड सांगतो की कुटुंबाला घेईन, टोळीला नाही. जॉन टोळी निवडतो. भाऊ मरतो, दरी मिळते. यात सुखासीन काय आहे, ते त्या समीक्षकांनी दाखवून द्यावं.

मात्र याच पुस्तकाचा आरंभ पुन्हा वाचताना माझी बाजू थोडी सरकते. आशिया उपाशी मरतो आहे आणि इंग्रजी दिवाणखान्यांत त्याच्या बातम्यांवर हळहळ चालली आहे. ते लोक वेगळे, आपल्याकडे हे होणार नाही, असा सूर आहे. म्हणजे समीक्षकांचा साम्राज्याविषयीचा रोख अगदीच चुकीचा नाही. बंगालचा दुष्काळ १९४३चा, त्याला तेव्हा जेमतेम तेरा वर्षं झाली होती. पण हा आरोप क्रिस्टोफर स्वतःच कथेत मांडतो, आणि त्याच दिवाणखान्यातल्या माणसांना पुढे खुनी करून त्याची शिक्षाही देतो. तेव्हा ही कादंबरी त्या मध्यमवर्गाची करमणूक नाही, त्याच्यावरचं आरोपपत्र आहे.

मराठीशी या पुस्तकांचा काय संबंध, असं विचारणाऱ्यांना एकच नाव पुरे. 'द ब्लॅक क्लाउड' ही १९५७ची कादंबरी लिहिणारे फ्रेड हॉइल हे केंब्रिजमध्ये जयंत नारळीकरांचे गुरू. संशोधकानं कथा लिहिणं कमीपणाचं नाही, हे या गुरूनं स्वतः कादंबरी लिहून दाखवलं होतं. नारळीकरांनी मराठीत विज्ञानकथा लिहिली, त्यामागे ही परंपरा उभी आहे.

आणि गवत तर आपल्या ताटातच आहे. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, गहू, ऊस, जनावरांची वैरण, सगळी एकाच कुळातली. गव्हावरचा 'ब्लास्ट' हा बुरशीजन्य रोग दक्षिण अमेरिकेतून २०१६ साली बांगलादेशात पोहोचला, आणि तिथून भारताची सीमा दूर नाही. क्रिस्टोफरचा विषाणू कल्पित आहे, एकाच कुळावरचं आपलं अवलंबन खरं आहे. मराठी प्रकाशकांनी 'द डेथ ऑफ ग्रास' चांगल्या अनुवादकाच्या हाती द्यावी. आणि वाचकहो, तोवर थांबू नका. पुस्तक इंग्रजीत सहज मिळतं, दोनशे पानांच्या आसपासचं आहे. शिक्का कोणी मारला ते विसरून आधी ते वाचा.