घास गळ्याखाली उतरेपर्यंत

वारल्यांची कणसरी ही धान्याची देवता. वैदिक वळणाच्या घरांत जेवणाचे पहिले छोटे घास पंचप्राणांना आहुती म्हणून घेतले जातात. मोखाडा तालुक्यातल्या पोशेऱ्यात नाचणीची भाकर खाणारा आणि पुण्यात चित्राहुती घालणारा, दोघेही अन्नाला देव मानतात. पण या श्रद्धेचा सगळा भर अन्नावर आणि वाढणाऱ्यावर. खाणारा गिळेल हे धरूनच चाललेले असते. कंपवात जडलेल्या माणसाच्या बाबतीत नेमके तेच धरून चालता येत नाही. म्हणून मला वाटते, अन्न देण्याचा धर्म ताट पुढे ठेवून पुरा होत नाही; घास अन्ननलिकेत सुखरूप उतरेपर्यंत तो बाकीच असतो.

जेम्स पार्किन्सनने १८१७ साली कंपवाताचे वर्णन केले, तेव्हाच गिळण्याचा त्रास आणि तोंडातून गळणारी लाळ त्याने नोंदवली होती. तरी आजही घरच्यांची नजर थरथरणाऱ्या हातावरच जाते. जीभ मंदावते, घास तोंडात रेंगाळतो, श्वासनलिका झाकली जाण्याची वेळ चुकते. कित्येकदा पाणी फुप्फुसाकडे जाते आणि ठसकाही लागत नाही. त्यातून होणारा न्यूमोनिया हे या रुग्णांच्या मृत्यूचे एक मोठे कारण आहे. गोळीने हातपाय सुटतात, गिळणे त्या मानाने सुधारेलच असे नाही. गिळण्याच्या उपचारात म्हणूनच, जे आपोआप व्हायचे ते लक्ष देऊन करायला शिकवतात: ताठ बसायचे, घास लहान घ्यायचा, काहींना हनुवटी छातीकडे झुकवून गिळायला सांगतात, आणि पहिला घास उतरल्याखेरीज दुसरा घ्यायचा नाही. उष्टे होऊ नये म्हणून मान मागे टाकून तांब्यातून वरून पाणी पिण्याची आपली रीत इथे घातक ठरू शकते. सोवळ्याच्या नियमापेक्षा फुप्फुस मोठे, एवढे मानायला कुठल्याही देवाची हरकत नसावी.

कोणी म्हणेल, मोखाड्यासारख्या कुपोषणाने गाजलेल्या तालुक्यात ही शहरी चैन कशाला? तपासणीची यंत्रे मोठ्या शहरांत, हे खरेच. पण तज्ज्ञाने एकदा गिळणे पाहून पद्धत ठरवून दिली की रोजचा उपचार घरातच चालतो, आणि त्याला लागतो तो वेळ. कोरड्या भाकरीचा चुरा घशात अडकतो, पातळ वरण आणि त्यातला भात दोन वेगांनी उतरतात. नाचणीची दाट, एकजीव पेज त्या मानाने सोपी पडते. नशिबी असेल ते होईल, या म्हणण्याला फार उत्तर द्यायची गरज नाही. तापात औषध देताना आपण नशिबाला विचारत बसत नाही.

खरा आक्षेप वेगळा आहे. सुरक्षिततेपायी माणसाचा चहा खिरीसारखा दाट करून त्याच्या जगण्यातली चवच काढून घ्यायची का? इथे पुरावाही आपल्याला बेफिकीर हुकूम सोडू देत नाही. कंपवात आणि स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांवरच्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासाचे निष्कर्ष २००८ साली आले. क्ष-किरणांखाली पाहिले तेव्हा मधाइतके दाट पेय श्वासनलिकेत सर्वांत कमी गेले. पुढे ५१५ रुग्णांवर तीन महिने लक्ष ठेवले, तर हनुवटी झुकवून पातळ पेय पिणारे आणि दाट पेय पिणारे यांच्यात न्यूमोनियाच्या प्रमाणात ठोस फरक दिसला नाही. उलट दाट पेयवाल्यांत शरीरातले पाणी कमी पडण्याचे प्रमाण अधिक होते. तेव्हा धोका समजावून सांगितल्यावरही समज शाबूत असलेला माणूस पातळ चहाच मागत असेल, तर तो निर्णय त्याचा. मुलाने कप हिसकावून घेऊ नये. त्याने बापाला ताठ बसवावे, बोलण्यात गुंतवू नये आणि एकेक घोट उतरेपर्यंत शेजारी थांबावे.