उतरणं आणि पडणं



गेल्या वर्षी पोळ्यानंतरची गोष्ट. आम्ही तिघी सेवेकरी बायका सौंसरकडच्या एका ताईंकडे गेलो होतो. त्यांच्या यजमानांचं कापडाचं दुकान. धंदा बसायला लागला तेव्हापासून, म्हणजे दोन-अडीच वर्षांपासून, आमचं त्यांच्याकडे जाणं-येणं होतं. दर वेळी आम्ही एकच सांगायचो, "ताई, धीर धरा. सोडू नका. गुरुमाऊली बघताहेत." त्यांनी धीर धरला. आधी बांगड्या गेल्या, मग व्याजाने पैसे आले, मग माहेरहून मिळालेला प्लॉट गेला. आणि शेवटी दुकान बंद व्हायचं ते झालंच. त्या दिवशी त्यांनी आमच्यापुढे चहा ठेवला आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही धीर धरा म्हणालात, मी धरला. पण कुठपर्यंत धरायचा, ते कोणीच सांगितलं नाही."

आमच्याकडे उत्तर नव्हतं. परत येताना बसमध्ये तिघीही गप्प होतो.

तेव्हापासून हा प्रश्न मनात आहे. प्रयत्न कुठपर्यंत करायचे? एक सांगतो, शेवटच्या श्वासापर्यंत. दुसरा सांगतो, जे व्हायचं ते होणारच, सोडून दे. दोन्ही वाक्यं बोलायला सोपी, कारण ज्याच्यावर वेळ आली आहे त्याच्या हिशोबाची जबाबदारी दोन्हीत आपल्यावर येत नाही. उत्तराचा थोडाफार धागा आम्हाला मिळाला तो कुठल्या ग्रंथात नाही, तर पुण्याजवळ कामशेतला, एका भाताच्या खाचरात उभं राहून.

आमचा भाचा पुण्यात नोकरीला आहे. सुट्टीच्या दिवशी तो कामशेतला पॅराग्लायडिंग करतो. तिथल्या डोंगरांवरून कापडी पंख लावून माणसं उडतात, हे आपण फोटोत पाहिलं असेल. फेब्रुवारीत आम्ही दोघं त्याच्याकडे गेलो, तेव्हा आग्रहाने तो आम्हाला घेऊन गेला. तो डोंगरावर चढला आणि आम्ही खाली, जिथे उतरतात त्या मोकळ्या खाचराजवळ थांबलो.

आधी थोडं समजून घेऊ, नाहीतर पुढचं कळणार नाही. या पंखाला इंजिन नसतं. स्थिर हवेत तो सेकंदाला साधारण एक मीटर खाली येतच असतो. मग काही जण तासन् तास वर कसे राहतात? तर वर जाणारी हवा शोधून. वारा डोंगराला आपटला की वर चढतो, तो एक आधार. पण डोंगर सोडला की दुसरा आधार लागतो, तो म्हणजे तापलेल्या जमिनीवरून उठणारी हवा. ऊन आधी जमीन तापवतं आणि जमीन हवेला तापवते. नांगरलेलं कोरडं वावर लवकर तापतं, ओलिताचं वावर थंड राहतं. तापलेली हवा हलकी होते, थोडा वेळ तिथेच घुटमळते आणि एखाद्या धुऱ्यापाशी नाहीतर झाडांच्या ओळीपाशी जमिनीपासून सुटून वर निघते. उडणारे तिला 'थर्मल' म्हणतात. आपल्याला ही काही नवीन नाही. एप्रिलात पांढुर्ण्याला सकाळचे अकरा वाजले की घारी पंख न हलवता गोल गोल वर जाताना दिसतात ना, त्या हिच्याच खांद्यावर असतात. वावरात पालापाचोळा उचलून फिरणारी वावटळ ही हिचीच जरा दांडगी बहीण.

आता खरी गंमत ऐका. ही हवा उंचावर गेल्यावर रुंद होते, तिथे ती सापडणं त्यामानाने सोपं. जमिनीजवळ मात्र ती अरुंद असते, तुटक असते, धक्के देणारी असते. म्हणजे जो आधीच उंच आहे त्याला आधार सहज मिळतो, आणि जो खाली आलाय, ज्याला गरज जास्त, त्याला तो कठीण. हे ऐकलं तेव्हा आम्हाला त्या ताई आठवल्या. भांडवल असलेल्या माणसाला धंद्यातून मार्ग काढायला चार वाटा दिसतात. कर्ज झालेल्याला एकच दिसते, तीही बारीक. आणि आपण त्यालाच म्हणतो, "प्रयत्न कमी पडले." असं बोलताना यापुढे आपण जरा जीभ आवरली पाहिजे.

तर त्या दुपारी दोन पंख डोंगरापासून दूर, खाली खाली येत होते. एक निळा, एक नारिंगी. नारिंगी आमच्या भाच्याचा. दोघंही जमिनीपासून शंभरेक मीटरवर असतील. निळ्याने एका नांगरलेल्या तुकड्याकडे वळण घेतलं. तिथे एक घार फिरत होती. तोही तिच्याखाली फिरू लागला आणि बघता बघता वर, वर, अगदी पतंगाएवढा झाला. आमच्या भाच्यानेही दोन वळणं घेतली, पण त्याला काही मिळालं नाही. मग त्याने वळणं थांबवली, वाऱ्याकडे तोंड केलं आणि सरळ येऊन कापलेल्या खाचरात दोन पावलं पळून उभा राहिला.

आम्ही हळहळलो. "अरेरे, तो वर गेला आणि तू पडलास!"

तो पंख गोळा करत हसला. "मामी, पडलो नाही, उतरलो."

मग डबा खाताना त्याने सगळं सांगितलं. म्हणाला, "शंभर मीटरवर असलो की हाताशी जेमतेम दीड मिनिट असतं. त्यात मी आधी हवा शोधत नाही. आधी उतरायची जागा ठरवतो. विजेच्या तारा नाहीत, विहीर नाही, वाऱ्याकडे तोंड करून सरळ येता येईल असं वावर. ते ठरलं की उरलेला सगळा वेळ शोधायला मोकळा. पण शोधायचं ते त्या वावराच्या टप्प्यात राहूनच. आणि एक उंची आधीच ठरलेली असते. तिच्याखाली आलो की शोध बंद. मग कानाशी व्हेरिओ वाजला, म्हणजे हवा वर जातेय असं यंत्र सांगू लागलं, तरी वळायचं नाही. जमिनीजवळ वळताना पंख मिटला तर सावरायला उंचीच उरत नाही."

"पण त्याला मिळालं, तुला का नाही?"

"तो माझ्यापेक्षा पन्नास-साठ मीटर डावीकडे होता, एवढंच. आणि त्याने बघितलंसुद्धा नीट. पुढच्या वेळी कदाचित मला मिळेल, तो उतरेल."

या बोलण्यात आमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर होतं. आम्ही त्या ताईंना "शोधत राहा" म्हटलं होतं, पण उतरायची जागा बघायला एकदाही सांगितलं नव्हतं. खरं तर आमच्या मनात उतरणं म्हणजेच पडणं होतं. दुकान बंद करणं म्हणजे हरणं, श्रद्धा कमी पडणं, असंच आम्ही धरून चाललो होतो. पहिल्या वर्षीच दुकान आवरलं असतं तर माल विकून देणी फिटली असती, यजमानांना कुठे नोकरी बघता आली असती, प्लॉट राहिला असता. ते उतरणं झालं असतं. तार, विहीर काही न बघता शेवटच्या क्षणापर्यंत वळत राहिले आणि ते पडणं झालं. आणि त्या वळणांत आमच्या गोड बोलण्याचाही वाटा होता, हे मान्य केल्याशिवाय पुढे लिहिणं खोटं ठरेल.

आमच्या मंडळातल्या एका ज्येष्ठ ताईंना हे सांगितलं तेव्हा त्यांना पटलं नाही. म्हणाल्या, "आधीच उतरायची जागा बघायची म्हणजे कृपेवर विश्वास नाही असंच झालं." आक्षेप खरा आहे, म्हणून त्यावर आम्ही बरेच दिवस विचार केला. आम्हाला वाटतं ते असं: ज्याने जागा ठरवलेली नाही, त्याची नजर सारखी खाली, भीतीकडे असते. त्याला हवेचा बारीक धक्का कळतच नाही. ज्याने जागा ठरवली, त्याचं दीड मिनिट पूर्ण मोकळं असतं. तोच घार बघू शकतो, तोच पंखाची एक बाजू हलकेच उचलली गेलेली ओळखू शकतो. हवा त्याने निर्माण केलेली नसते, ती कृपाच म्हणा. पण कृपा आली ते कळायला मन शांत लागतं. न मिळालं तरी मी नीट उतरेन, हे ज्याने मान्य केलंय तोच मोकळ्या मनाने शोधू शकतो. फळाची आसक्ती सोडून कर्म करायचं ते बहुतेक असंच.

दुसरा आक्षेप आम्हीच आमच्यावर घेतो. शोध थांबवला आणि नेमकी पुढच्या दहा सेकंदांत हवा मिळणार असली तर? हो, असं होऊ शकतं. ते नुकसान सोसायची तयारी ठेवावीच लागते, कारण ती दहा सेकंदं आपल्याला आधी कधीच दिसत नाहीत. म्हणून तर सीमा उंचावर असताना ठरवायची. खाली आल्यावर बुद्धी नाही, भीती आणि हाव बोलत असतात. "एवढंच एक कर्ज, मग सगळं सुरळीत" हे वाक्य किती घरांत बोललं जातं ते आपल्याला माहीत आहे.

आणि वर नेणारी प्रत्येक हवा तारणारी नसते, हेही भाच्यानेच सांगितलं. २००७ साली ऑस्ट्रेलियात एवा विश्निएर्स्का नावाची जर्मन पॅराग्लायडर स्पर्धेच्या सरावात वादळी ढगात ओढली गेली. ढगाने तिला जवळपास ९,९०० मीटरवर नेलं, म्हणजे एव्हरेस्टपेक्षाही उंच. अंगावर बर्फ, शुद्ध हरपलेली. ती वाचली, पण त्याच वादळात सापडलेला एक चिनी पायलट वाचला नाही. खाली येणाऱ्याला वाटतं, कुठलीही का होईना, वर जाणारी हवा मिळू दे. पण वावटळीत कोणी शहाणा पायलट शिरत नाही. कागद न मागता दारात येणारं व्याजाचं कर्ज हे असंच वर उचलणारं असतं. पहिल्या महिन्यात किती हलकं वाटतं!

एक मर्यादा मात्र सांगायला हवी. हा हिशोब दुकानाला, वावराला, परीक्षेला, हट्टाला लागू आहे. माणसाला जसाच्या तसा नाही. घरात म्हातारी सासू अंथरुणावर असेल तर "आता शोध बंद" म्हणून तिला सोडता येत नाही. तिथे उतरणं म्हणजे बरं करण्याचा आग्रह सोडून, तिला दुखू नये, एकटं वाटू नये, याच्याकडे वळणं. माणूस सोडायचा नसतो.

आणि उतरल्यावर काय? २०१५ साली हिमाचलातल्या बीर-बिलिंगला पॅराग्लायडिंगच्या विश्वचषकाची स्पर्धा झाली होती. अशा लांब पल्ल्याच्या स्पर्धांत सगळे जण शेवटच्या ठिकाणी पोचत नाहीत. कित्येक चांगले पायलट मध्येच कुणाच्या तरी वावरात उतरतात. त्यांना शून्य मिळत नाही. जेवढं अंतर कापलं तेवढ्याचे गुण मिळतात. आपल्या समाजात मात्र दुकान बंद केलेल्या माणसाला आपण सरळ शून्य देतो. त्याने वीस वर्षं घर चालवलं ते अंतर कोणी मोजत नाही.

आता आमच्याच घरचं. आमच्या संत्र्याच्या बगीच्यात दोन वर्षांपासून झाडं वाळताहेत आणि उन्हाळ्यात विहीर पुरत नाही. कामशेतहून आल्यावर एका संध्याकाळी आम्ही दोघं, दीर आणि जाऊबाई कागद घेऊन बसलो. ठरवलं ते असं: आणखी एक वर्ष मनापासून करायचं, कृषी विभागाचा सल्ला घ्यायचा, औषधपाणी करायचं. बोअर एकच, दुसरी नाही. घर गहाण नाही, बायकांचे दागिने नाहीत. पुढच्या मृगापर्यंत निम्मी झाडं सावरली नाहीत तर बगीचा काढायचा आणि कपाशी-तूर घ्यायची. दिराला हे लिहिणंच अपशकुनी वाटलं. आम्हालाही सासऱ्यांनी लावलेली झाडं आठवून रडू आलं. पण त्या रात्री बऱ्याच दिवसांनी घरात सगळ्यांना झोप लागली. झाडं सावरतील की नाही ते अजून माहीत नाही. सकाळी बगीच्यात जाताना मात्र नजर आता हिशोबाकडे नसते, पानांकडे असते.

मागच्या महिन्यात त्या ताईंकडे पुन्हा गेलो. या वेळी उपदेश केला नाही. "आमचं चुकलं," एवढंच म्हटलं. त्या थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पुढच्या बाईला तरी नीट सांगा." त्यांच्या परवानगीनेच हे लिहिलं आहे.

म्हणून सर्व सेवेकरी भगिनींना विनंती. कुणाच्या अडचणीत जाल तेव्हा धीर जरूर द्या. पण सोबत दोन गोष्टी प्रेमाने विचारा: उतरायची जागा कुठे बघून ठेवली आहे? आणि किती खाली आल्यावर शोध थांबवायचा, ते घरात सगळ्यांनी मिळून ठरवलं आहे का? ठरवलं नसेल तर जपाआधी त्यांच्याजवळ कागद घेऊन बसा. तीही सेवाच आहे.

लिहिण्यात काही चुकलं असेल तर पदरात घ्यावं.

आपल्याच,
पांढुर्णा सत्संग मंडळातील एक सेवेकरी 🙏