रेणूला विटाळ नाही

खानदेशातल्या कापसातून रुई निघाली की मागे सरकी उरते. ती तेलगिरणीत जाते. ढेप गुरांच्या गव्हाणीत पडते, तेल माणसांच्या कढईत. या तेलातली जवळपास निम्मी मेदाम्ले लिनोलेइक असतात: अठरा कार्बनची साखळी, तिच्यात दोन दुहेरी बंध. शेंगदाण्याच्या तेलात ओलेइक जास्त. कार्बन तेवढेच, दुहेरी बंध एक. एकही दुहेरी बंध नसेल तर ते स्टिअरिक आम्ल. दुहेरी बंधापाशी साखळी वाकते, रेणू एकमेकांना नीट बिलगत नाहीत, म्हणून ओलेइक साधारण 13 अंशांनाच वितळते. सरळ साखळीचे स्टिअरिक जवळपास 69 अंशांपर्यंत घट्ट राहते. निकेलच्या साहाय्याने सरकीच्या तेलाला हायड्रोजन दिला की दुहेरी बंध मिटत जातात आणि वनस्पती तूप तयार होते. त्यात झालेले स्टिअरिक आम्ल आणि गाईच्या चरबीतले स्टिअरिक आम्ल वेगळे करून शेजारी ठेवले, तर रसायनशास्त्राच्या दृष्टीने दोन्ही एकच. मग 1983 मध्ये वनस्पती तुपात गाईच्या चरबीची भेसळ उघडकीला आली, तेव्हा देशभरातली श्रद्धाळू माणसे दुखावली ती केवळ अज्ञानापोटी का?

तसे म्हणता येणार नाही. रेणू एकच आहे एवढेच विज्ञान सांगते. तो मिळवताना काय घडले, हे रेणूवर लिहिलेले नसते. जैन किंवा वारकरी माणूस चरबी नाकारतो तेव्हा तो कार्बनची साखळी नाकारत नाही, हत्येतला आपला वाटा नाकारतो. आणि भेसळ करणाऱ्याने त्याचा हा निवडीचा अधिकारच हिरावून घेतलेला असतो. चोरीच्या आणि कष्टाच्या रुपयावर छाप एकच असते, म्हणून चोरी निर्दोष ठरत नाही. शुद्धता पदार्थाचा गुण नाही, ती कृतीची कसोटी आहे.

यावर गंभीर आक्षेप असा की, वस्तूचा इतिहास तिला अपवित्र करतो, याच तर्काने माणसांच्या स्पर्शाचाही विटाळ मानला गेला. आक्षेप खरा आहे, म्हणूनच सीमा स्पष्ट हवी. व्रत स्वतःच्या हाताला बांधते. अस्पृश्यता दुसऱ्याच्या देहावर डाग लावते. पहिल्यात त्याग आपला असतो, दुसरीत अपमान दुसऱ्याचा. शुद्धता रेणूत नाही हे मान्य केले की ती रक्तातही नाही, हे मान्य करावेच लागते. विज्ञानाने धर्मविचाराला दिलेली ही मोठी मदत आहे.

दुसरा आक्षेप: मग शाकाहारी तेवढे सगळे शुद्ध? नाही. हायड्रोजनीकरण अर्धवट राहिले की काही ओलेइक रेणूंची मांडणी बदलते. सूत्र तेच, पण साखळी सरळ होते. हीच ट्रान्स मेदाम्ले. ती घातक कोलेस्टेरॉल वाढवतात, उपकारक घटवतात आणि हृदयाला इजा करतात. पाकिटावर हिरवा ठिपका असला तरी ही इजा टळत नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने जानेवारी 2022 पासून खाद्यतेले व वनस्पती तुपातल्या ट्रान्स मेदाला 2 टक्क्यांची मर्यादा घातली, ती याचसाठी. अहिंसा जनावरापाशी थांबून खाणाऱ्याच्या हृदयाला वगळत असेल, तर ती अपुरी आहे. म्हणून तेलाचा धर्म विचारायचा असेल तर गिरणीवाल्याला, दुकानदाराला आणि स्वतःला तीन प्रश्न विचारावेत: हे कशातून आले, यात कोणाला इजा झाली, आणि खरे सांगून विकले का?