हातचे राखून

दिवाळीचा फराळ संपत आला, भाऊबीजेची ओवाळणी आटोपली आणि पाहुणे आपापल्या गावी गेले, की आमच्या घरात एक काम उरते. काचेची मोठी बरणी उन्हात वाळवायची, तीत बेदाणे, काळ्या मनुका, चिरलेला खजूर, पाकात मुरवलेली संत्र्याची साल आणि पपईची टुटीफ्रुटी भरायची आणि वरून रम ओतायची. नाताळच्या केकची ही पूर्वतयारी. दिवाळी अंकात हा नाताळ कुठून आला, आणि त्यातून रम, म्हणून कुणाच्या कपाळाला आठी पडली तर मी समजू शकते. पहिल्या वर्षी मलाही रम आणायचे धाडस झाले नव्हते. मी संत्र्याच्या रसावर भागवले होते. मात्र रस आंबतो, म्हणून तो रात्रभरच. महिनाभर मुरायचे तर रमच हवी.

शरणपूर रोडच्या आसपास वाढलेल्या माणसाला ह्यात नवल वाटणार नाही. १८५४ साली चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकला शरणपूर वसवले. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलेही इथे शिकली. त्यांतलाच एक जेकब वेनराइट, जो १८७४ साली लिव्हिंग्स्टनच्या शवाबरोबर थेट लंडनपर्यंत गेला. आमच्या नाशकाच्या अंगणात कुठकुठली माणसे वावरून गेली, हे आम्हीच विसरतो. असो. इथल्या मराठी ख्रिस्ती घरांत नाताळला करंज्या होतात, चकल्या होतात, शंकरपाळे होतात आणि केकही होतो. दिवाळीला आमचे ताट त्यांच्याकडे जाई, नाताळात त्यांचे आमच्याकडे येई. माझी आजी शेजारधर्म म्हणून ते ताट हसतमुखाने घ्यायची आणि केक अंड्याचा, म्हणून आम्हा मुलांना तो ओसरीवर बसून खायला लावायची. हात धुतल्याशिवाय घरात पाऊल नाही! पण खाऊ नका, असे मात्र ती कधी म्हणाली नाही.

केक विलायती खरा, पण जिथे गेला तिथले पाणी त्याला लागले. अलाहाबादेत त्यात पेठा आला, लोण्याच्या जागी साजूक तूप आले, बडीशेप आणि जायपत्री आली. आमच्याकडे घरोघरी भट्टी नव्हती, तेव्हा बायकांनी पातेल्यात वाळू तापवली, तीत डबा ठेवला आणि झाकणावर निखारे रचले. नानकटाईचे सामान घेऊन बेकरीच्या भट्टीवर रांग लावणाऱ्या बायका तर माझ्या पिढीनेही पाहिल्या आहेत.

मला ही कृती मिळून वीस वर्षे झाली. देणारी माझ्याहून पंचवीस वर्षांनी मोठी, निवृत्त परिचारिका. मी तिला मावशी म्हणते, पण नाते मैत्रिणीचे. तिला ती सासूकडून आलेली, सासूला तिच्या मैत्रिणीकडून, आणि त्या मैत्रिणीला म्हणे कुठल्याशा मिशनच्या बंगल्यातून. मावशीने वहीच्या पानावर लिहून दिले: लोणी, साखर, मैदा प्रत्येकी पाव किलो, अंडी पाच, फळे अर्धा किलो, रंगासाठी जाळलेल्या साखरेचा पाक. डब्याला आतून दुहेरी कागद, आणि आच मंद, अगदी मंद, अडीच तास. मग तोंडी एक गोष्ट सांगितली, जी कागदावर नव्हती. फळे घालण्याआधी चाळणीवर पुरती निथळायची आणि कोरड्या मैद्यात घोळवायची, नाहीतर ती तळाशी जाऊन बसतात. आणि निघताना म्हणाली, “हे बघ, कुणालाही दे. पण विकू नकोस हं.”

मी हो म्हटले. त्या वेळी त्यात कठीण असे काहीच नव्हते.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेली. एका लहान शाळेत पहिली-दुसरीच्या मुलांना शिकवते आणि रात्री कादंबऱ्या लिहिते. त्या फारशा कुणी वाचत नाही, परंतु डिसेंबर आला की शिक्षकांच्या खोलीत माझ्या केकची वाट पाहिली जाते. हे मुद्दाम सांगते आहे, कारण पुढच्या गोष्टीचे मूळ त्यात आहे.

तीन वर्षांपूर्वी माझ्या वर्गातल्या एका मुलाची आई मला भेटायला आली. सातपूरच्या एका कारखान्यातली नवऱ्याची नोकरी गेलेली. तिने एका कार्यालयाकडून बारा केकची मागणी मिळवली होती. “बाई, तुमच्यासारखा करायचाय. सांगाल का?” मी वही काढली आणि तिला सगळे उतरवून दिले. मापे दिली, आच सांगितली, जाळलेली साखर कडू होऊ न देण्याची खूणसुद्धा सांगितली. निथळायचे आणि मैद्यात घोळवायचे तेवढे सांगितले नाही. विसरले असे म्हणायची आज फार इच्छा होते. पण मी विसरले नव्हते. वाक्य ओठांवर आले होते आणि मी ते गिळले.

पंधरा दिवसांनी ती पुन्हा आली. फळे सगळी तळाला बसली होती. वर कोरडा केक, खाली चिकट गोळा. सुरी लावली की दोन्ही वेगळे. कार्यालयाने सात केक परत केले. सुकामेवा तिने उधारीवर आणला होता. “बाई, माझं काय चुकलं असेल?” मी म्हटले, “तुझ्या ओव्हनचा दोष असेल.” ती आपल्या हातांकडे पाहत म्हणाली, “माझ्या हातालाच चव नाही, असं सासूबाई म्हणतात ते खरं असावं.”

त्या रात्री मी स्वतःशी वाद घातला. माझे म्हणणे तयारच होते: मावशीला मी शब्द दिला होता. ही विकणार होती. शब्द पाळायचा तर पुरती कृती देता येत नव्हती. युक्तिवाद ऐकायला बरा आहे, पण त्याला तळ नाही. शब्द पाळायचा होता, तर मी तिला सरळ नाही म्हणायला हवे होते. नकार दिला असता तर तिला वाईट वाटले असते, तिने मनात मला कद्रू म्हटले असते आणि दुसरे दार ठोठावले असते. अर्धे देऊन मी तिचे ते दुसरे दारही बंद केले. आपल्याला पुरते मिळालेलेच नाही, हे तिला कळायला मार्गच उरला नाही. मग दोष द्यायला तिच्याकडे स्वतःचे हात तेवढे उरले.

आम्ही पहिली-दुसरीत बेरीज शिकवतो. सात आणि आठ पंधरा, पाच मांडले, हातचा एक. हातचा पुढच्या घरात मिळवायचा असतो हे सांगायचे राहिले, तर मुलाचे उत्तर चुकते आणि त्याला वाटते, आपणच ढ. बाईंनी सांगितले नाही, असे कुठलेही मूल म्हणत नाही. वीस वर्षे हे शिकवणारी मी! मला ते माझ्याच घरात दिसू नये?

हातचे राखणे नेहमीच वाईट, असे मात्र मला वाटत नाही. मांजर वाघाची मावशी. तिने वाघाला सगळे शिकवले, झाडावर चढणे तेवढे शिकवले नाही, आणि त्यानेच तिचा जीव वाचला. आपण मुलांना ही गोष्ट मांजरीच्या बाजूने सांगतो. पंडित भातखंडे घराण्याघराण्यांतून चिजा गोळा करीत हिंडले आणि त्यांनी त्या क्रमिक पुस्तकांतून छापल्या. चीज द्यायला नाखूश असणारे उस्ताद त्यांना भेटलेच. भातखंड्यांचे उपकार आहेतच, पण त्या उस्तादांना मी दोष देणार नाही. चीज ही त्यांची भाकरी होती. मांजरीचा जीव, उस्तादांची भाकरी, आणि माझे काय? माझ्या बाबतीत भाकरी तिची होती आणि राखून ठेवणारी मी. माझ्याकडे राखण्याजोगे होते ते एवढेच, की डिसेंबरात माझी वाट पाहिली जाते. बारा केक शहरात वाटले गेले असते तर ती थोडी कमी पाहिली गेली असती, इतकेच.

मावशीच्या अटीविषयीही मी पुष्कळ विचार केला. सणाच्या जिनसेला किंमत लावू नये, हा तिचा भाव मला अजून पटतो. पण दिलेली वस्तू पुढे कुणी कशी वापरावी, हे देणाऱ्याने कुठवर ठरवावे? शिवाय विकायचे नाही हे व्रत ज्याच्या घरी पगार येतो त्यालाच सोपे. मी ते पाळले, कारण मला त्याची झळ कधी लागलीच नाही.

शेवटी मी मावशीकडे गेले. ती आता बरेच विसरते. मी घडले ते सगळे सांगितले आणि विचारले, “तुमचा शब्द मी मोडू का?” ती गोंधळली. “विकू नको असं मी कधी म्हटलं गं? मी कशाला म्हणेन?” मग थोड्या वेळाने, “म्हटलंही असेल. तेव्हा सासूबाई होत्या.” तिच्याकडून मला मोकळीक हवी होती. ज्याला शब्द दिला तोच तो विसरला, तर तो शब्द सुटतो की आपल्या एकट्याच्या शिरावर येतो, ह्याचा उलगडा मला अजून झालेला नाही. घरी येताना एवढे मात्र कळले, की ह्यापुढे मावशीच्या नावाआड उभे राहता येणार नाही.

तरी तिच्याकडे जायला मला जवळजवळ वर्ष लागले. गेल्या दिवाळीनंतर, बरणी भरायच्या दिवसांतच गेले. ती शिवणकाम करीत होती. केक तिने सोडून दिला होता. मी ओव्हनचे खोटे होते हे सांगितले, निथळायचे आणि घोळवायचे सांगितले, आणि ते मी जाणून गाळले होते हेही सांगितले. ती बराच वेळ सुईत दोरा ओवत राहिली. मी उधारीच्या पैशांचा विषय काढला, तेव्हा ती म्हणाली, “ते फेडले मी.” मग म्हणाली, “बाई, नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं की.”

उठताना तिने मुलाच्या वहीचे एक कोरे पान फाडून माझ्यापुढे ठेवले. “आता लिहून द्या. सगळं.” मी लिहिले. तिने ते माझ्यासमोर दोनदा वाचले, ओळीवर बोट ठेवून, आमच्या वर्गातली मुले वाचतात तसे.

“आणखी काही?” तिने विचारले.

“नाही.”

तिने माझ्या तोंडाकडे पाहिले, पानाची घडी केली आणि मशीनच्या खणात ठेवली.