राखण

शेतकऱ्याचं निम्मं आयुष्य राखणीत जातं. पेरल्यावर पाखरांची राखण, पिकल्यावर रानडुकरांची, आंबे धरले की वानरांची. आणि वर्षभर शेजाऱ्यांच्या गुरांची. डुकराला माणूस दगड मारून मोकळा होतो. पण शेजाऱ्याच्या गुराला हाकलताना त्याच्या मागे उभा असलेला शेजारी दिसतो, आणि हात जरा आखडतो. हे मी माझ्यावरूनच सांगतो आहे.

आमचं गाव सिंधुदुर्ग जिल्ह्यात, खाडीच्या तोंडाला. अर्धा गाव शेतीचा, अर्धा दर्याचा. मी शेतीकडचा, तरी लहानपणी सकाळी रापण लागली की किनाऱ्यावर धावायचो. दोरीला हात लावला की वाटा मिळायचा, मग तो कोणाचाही पोर असो. चार बांगडे, मूठभर पेडवे. ते घेऊन घरी येताना काय ऐट असायची! त्या वयात मला वाटायचं, दर्याला बांध नाही तर त्याची राखण कोण करणार, आणि कशाला?

राखण करणारा पुढे आमच्याच घरी राहायला आला. २०१७ चा पावसाळा संपत आला होता. पडवीकडची खोली रिकामी होती, ती मत्स्यव्यवसाय खात्यातल्या एका तरुण अधिकाऱ्याने भाड्याने घेतली. पोरगा लातूरकडचा. उदगीरला मत्स्यविज्ञान शिकलेला. उदगीरला समुद्र कुठला, असं आमच्या हिने विचारलं, तेव्हा तो हसून म्हणाला, "काकू, पुस्तकात होता की."

पहिल्या महिनाभर गस्तीवरून आला की पडवीत आडवा व्हायचा. पोटात काही ठरायचं नाही. ही त्याला आलं-लिंबू द्यायची. पण शिकला. दोन हेलकावणाऱ्या होड्या एकमेकींना टेकल्या असताना एकीतून दुसरीत कधी पाय टाकायचा, हे त्याला रापणीतल्या एका म्हाताऱ्याने शिकवलं. लाटेवर दुसरी होडी वर येते तेव्हा टाकायचा, खाली जाताना टाकला तर पाय चेचला म्हणून समज. रात्री दूरचा दिवा मासेमारीचा की नुसत्या चालत्या बोटीचा, हे ओळखायला तो खलाशांकडून शिकला. भिजलेलं जाळं ओढून धरून त्याचा आस, म्हणजे एका डोळ्याचं माप, पट्टीने घ्यायला त्याला पुस्तकाने शिकवलं होतं. पण समोर दहा संतापलेली माणसं उभी असताना ते घेणं वेगळं.

त्याचं काम मला वाटलं होतं तसं पकडापकडीचं नव्हतं. निम्मं काम लिहिण्याचं. बोट सापडली की पहिल्यांदा जीपीएसवरचा ठावठिकाणा लिहायचा, कारण राज्याची हद्द किनाऱ्यापासून बारा सागरी मैल, म्हणजे साधारण बावीस किलोमीटर. बोट त्याच्या आत होती हे कागदावर सिद्ध झालं नाही तर पुढचं सगळं वाया. मग परवाना, नोंदणी, खलाशांची ओळखपत्रं, जाळ्याची जात, मासळीची जात आणि वजन. बोट बंदरात आणून अडकवून ठेवायची. मासळी नासणारा जिन्नस, म्हणून तिचा लिलाव तिथेच. प्रकरण तहसीलदारांकडे जायचं. १९८१ च्या कायद्याप्रमाणे तेव्हा मासळीच्या किमतीच्या पाचपटीपर्यंत दंड होत असे. ही पाचपट लक्षात ठेवा, पुढची गोष्ट तिच्यावरच आहे.

पुढच्या जानेवारीत आमच्या गावातली एक होडी धरली गेली. मालक माझ्या ओळखीचा, नव्हे, मैत्रच. त्याच्या बापाच्या रापणीत मी दोरी ओढलेली. रापण चालेना म्हणून त्याने कर्ज काढून छोटं पर्ससीन घेतलं होतं. हे जाळं माशांच्या थव्याला गोल वेढतं, आणि तळाची दोरी ओढली की बटव्यासारखं मिटतं. अख्खा थवा आत, पिल्लासकट. २०१६ च्या फेब्रुवारीत सरकारने त्यावर बंधनं घातली होती. परवानाधारकांनाच, आणि तेही सप्टेंबर ते डिसेंबर. याच्याकडे परवाना नव्हता आणि महिना जानेवारी. मासळी चारशे किलो, सगळा बांगडा.

पहाटे त्याची बायको आमच्या अंगणात. "साहेब तुमच्याकडेच ऱ्हवतत. जरा सांगा ना तेंका."

मी सांगितलं. खोटं कशाला बोलू? साहेब तोंड धूत होता, मी म्हटलं, गरीब माणूस आहे, बघा काही. तो टॉवेल खांद्यावर टाकून थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "काका, रापणवाले तीन वेळा अर्ज घेऊन आले होते माझ्याकडे. तेपण तुमच्याच गावचे. ते श्रीमंत आहेत का?"

दुपारी बंदरावर लिलाव. त्या दिवशी बांगड्याला किलोला सत्तर रुपये भाव होता. म्हणजे अठ्ठावीस हजारांचा माल, पाचपट धरली तर एक लाख चाळीस हजार. गाव न बोलता एक झाला. कोणी बोलीच लावेना. शेवटी एकाने दहा हजार म्हटलं, आणि सगळे पायाकडे बघायला लागले. दहाची पाचपट पन्नास. माणूस वाचत होता. मीही पायाकडेच बघत होतो.

साहेबाला कळलं नाही असं कसं होईल? त्याने लिलाव थांबवला आणि शेजारच्या बंदरातल्या दोन व्यापाऱ्यांना फोन लावला. दीड तास गेला. बर्फ वितळत होता, लोक शिव्या घालत होते. व्यापारी आले आणि बोली पंचवीस हजारांवर गेली. त्याने रक्कम लिहिली. खाली एक ओळ आणखी लिहिली: आजचा बाजारभाव किलोस सत्तर रुपये. दोन पंच सह्या करेनात, त्यांची समजूत घालायला पुन्हा अर्धा तास. रात्री तो आमच्याकडे जेवायला आला नाही. मीही हाक मारली नाही.

त्या रात्री मला आमची गाय आठवली. आमची नव्हे, आमच्या विधवा काकीची. मी चौदा वर्षांचा होतो, वायंगणाच्या भातात दोन जनावरं शिरली. एक काकीची गाय, दुसरी म्हस. ज्यांच्याकडून आम्ही दर पावसाळ्यात उसनं भात आणायचो, त्यांची. मी गाय कोंडवाड्यात नेऊन घातली. म्हस गोंजारत तिच्या गोठ्यापर्यंत सोडून आलो. संध्याकाळी बाबांना मोठ्या तोऱ्यात सांगितलं, गाय कोंडली. बाबा भाकरी मोडत होते. वर न बघता म्हणाले, "आणि म्हशीक कोंडवाड्यात जागा नाय होती काय?"

आता कोणी म्हणेल, मग म्हस सापडेपर्यंत गायही सोडून द्यावी का? हा प्रश्न मी पुष्कळ दिवस चघळला. गावातही तेच बोलणं होतं: मोठे सुटतात आणि हा आमच्या माणसाला धरतो. खरंच होतं ते. परराज्यातले वेगवान ट्रॉलर रात्री आत शिरायचे. गस्तीची बोट लाकडी, भाड्याची. ती त्यांना गाठेपर्यंत ते पार निघून जायचे. हाताला लागतो तो लहान, कारण तो हळू पळतो. पण लहान पकडला गेला म्हणून तो निर्दोष होत नाही, आणि मोठा निसटला म्हणून लहानाने थवा पिल्लासकट उचलावा असंही नाही. इथपर्यंत माझं मन येतं. आणि मग त्या बायकोचं तोंड आठवतं.

मार्चमध्ये म्हस सापडली. ट्रॉलर जाळं ओढत असताना गस्तीची बोट जवळ पोचली. जाळं पाण्यात असताना ट्रॉलरला पळता येत नाही, आणि एवढ्या किमतीचं जाळं कापून टाकायला तांडेलाचा जीव झाला नाही. ट्रॉलर बंदरात आणला तेव्हा किनाऱ्यावर जत्रा. माल दोन लाखांचा. या वेळी गावाने वेगळा हिशेब केला. घराघरातून पाचशे रुपये काढले, शंभर घरं, पन्नास हजार. व्यापाऱ्याचे दोन लाख, वर आमचे पन्नास. बोली अडीच लाखांची. आमचे पन्नास हजार बुडाले तरी त्यांचा दंड अडीच लाखांनी वाढणार होता! माझेही पाचशे त्यात होते.

साहेबाने पैसे मोजून घेतले, अडीच लाख लिहिले. आणि खाली तीच ओळ: आजच्या बाजारभावाने मालाची किंमत अंदाजे दोन लाख.

लोक भडकले. "साहेब, तुमी कोणाच्या बाजूचे?" एकाने त्याची कॉलर धरली. तो एवढंच म्हणाला, "मी मागच्या वेळीही भाव लिहिला होता."

मी तिथून निघालो तर ट्रॉलरवरचा एक खलाशी खुणेने पाणी मागत होता. विशीचा असेल. त्याची भाषा मला कळत नव्हती, माझी त्याला. मालक कुठे तरी दूर, आणि ही आठ पोरं फळीवर भात शिजवत बसलेली. संध्याकाळी हिने दोन कळशा आणि चार शहाळी पाठवली. कोणी बघू नये म्हणून मी ती अंधार पडल्यावर नेली, हेही सांगून टाकतो.

वर्षभराने साहेबाची बदली झाली. जाताना हिने त्याला सुकी सुंगटं बांधून दिली, तर त्याने पैसे पुढे केले. ही रागावली, मग त्याने मुकाट्याने पिशवी घेतली आणि पाया पडला. २०२१ साली कायदा बदलला, दंड बरेच वाढले, आणि निकाल तहसीलदारांऐवजी मत्स्यव्यवसाय खात्यातच होऊ लागला. २०२५ पासून किनाऱ्यावर ड्रोनही फिरतो. तो आकाशातून बोट बघतो. आमचे पाय बघत नाही.

माझा मित्र दोन वर्षं माझ्याशी बोलत नव्हता. जाळं विकून त्याने दंड भरला, आता साध्या जाळ्याने खाडीत जातो. परवाच्या शिमग्यात पालखीपाशी शेजारी उभा राहिला, आणि ढोल थांबल्यावर म्हणाला, "माका दंड झालो, ता काय खोटा नाय. पण एक सांग. माझ्या लिलावात तू गप ऱ्हवलंस. त्या परक्याच्या लिलावात पाचशे रुपये काढलंस. साहेब दोनय वेळा तोच होतो. तू कित्याक बदललंस?"

ढोल पुन्हा सुरू झाले. त्याने माझ्या हातावर गुलाल ठेवला आणि पालखीला खांदा द्यायला पुढे गेला.