चैत्रातले अंगण आणि शेजारची घागर

माघ सरला, की मिरजेतील आमच्या अंगणाला रंग चढू लागतो. कुंपणावरची बोगनवेल गर्द गुलाबी होते, फाटकाजवळचा टेकोमा पिवळ्या घंटांनी लवतो, कण्हेरीला तुरे येतात. चैत्रात पायरीजवळचा मोगरा फुलतो. तो आईने लावलेला आहे. याच दिवसांत साताऱ्याच्या डोंगरउतारांवर धायटीची झुडपे तांबड्या फुलांनी भरून जातात. त्यांना कोणी पाणी घालीत नाही. आमच्या झुडपांना मात्र आम्ही घालतो, आणि प्रश्न तेथूनच सुरू होतो.

आपल्या या दोन जिल्ह्यांत पाण्याची वाटणी मोठी विषम आहे. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो. त्याच सातारा जिल्ह्यातील माण तालुक्याच्या वाट्याला त्याचा दहावा हिस्साही कसाबसा येतो. सांगलीने २००५ आणि २०१९ मध्ये कृष्णेचा महापूर पाहिला. त्याच जिल्ह्यातील जत आणि आटपाडी यांनी टँकरची वाट पाहत कित्येक उन्हाळे काढले. ११ एप्रिल २०१६ रोजी मिरज स्थानकातून पिण्याच्या पाण्याची रेल्वेगाडी लातूरकडे निघाली. दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी होते. त्या दिवसांत संध्याकाळी झाडांना पाणी घालताना आमचा हात अडखळू लागला.

आम्ही हिशेब मांडला. दहा झुडपांना रोज एकेक बादली, म्हणजे सुमारे दीडशे लिटर. पुढे २०१९ मध्ये जलजीवन मिशनने खेड्यातील माणसासाठी दररोज ५५ लिटरांचे प्रमाण ठरविले. म्हणजे जवळजवळ तीन माणसांचे पाणी आमची फुले रोज पीत होती.

यावर एक उत्तर तयार असते: पाणीपट्टी आम्ही भरतो, नळ आमचा, पाणी आमचे. हे उत्तर कायद्याला पुरेल. मनाला पुरत नाही. खानापूर तालुक्यात येरळा नदीवर ग्रामस्थांनी १९८० च्या दशकात बळीराजा धरण उभे केले. ज्याच्याकडे जमीन नाही त्यालाही पाण्यात वाटा असावा, हे तत्त्व तेथे मान्य झाले. पाणी ही कुणा एकाची मिळकत नव्हे, हे शहाणपण दुष्काळी मुलखाने आपल्याआधी ओळखले.

दुसरे उत्तर याच्या अगदी उलट टोकाचे: शेजारी तहानलेला असताना फुले ही चैन आहे, ती उपटून टाकावीत. प्रायश्चित्तकाळात वेदीही फुलांविना असते, मग अंगण का नसावे? हे उत्तर आम्हांला काही दिवस पटले होते. परंतु आमच्याकडे धुणेभांडी करणाऱ्या मावशींनी ते मोडीत काढले. त्यांच्या वस्तीत तेव्हा चार दिवसांनी पाणी येई. एके दिवशी निघताना त्या संकोचून म्हणाल्या, “ताई, त्या गुलाबी वेलाची एक फांदी द्याल का? दाराशी लावीन म्हणते.” ज्यांच्या नावाने आम्ही फुलांचा त्याग करायला निघालो होतो, त्यांनाच फुले हवी होती. गरिबाला केवळ पाणी हवे, सौंदर्य नको, असे आम्ही परस्पर ठरवून टाकले होते. त्या दयेत एक सूक्ष्म अहंकार होता.

मावशींनी ती फांदी तेलाच्या रिकाम्या डब्यात लावली आणि भाजी धुतलेल्या पाण्यावर वाढविली. दुसऱ्या वर्षी ती आमच्या वेलीहून अधिक फुलली. त्यात नवल नाही. बोगनवेलीला भरपूर पाणी मिळाले, की ती पानांनी माजते; ओढ बसली, की रंगाने बहरते. आपण जिला पाकळ्या म्हणतो, ती वस्तुतः रंगीत पाने असतात. शास्त्रात त्यांना छद म्हणतात. खरे फूल आत, इवलेसे आणि पांढुरके. आमच्या बादल्या निम्म्याहून अधिक वायाच जात होत्या.

तेव्हापासून आमच्या झुडपांना स्वयंपाकघरातून आलेले, एकदा वापरलेले पाणीच मिळते. बोगनवेल, कण्हेर, टेकोमा यांची त्याबद्दल तक्रार नाही. छाटणीच्या फांद्या आम्ही फेकीत नाही. मागेल त्याला देतो. जे सौंदर्य थोडक्यात भागवते आणि वाटून वाढते, ते अन्यायाचे नसावे, एवढे आम्ही शिकलो.

मात्र मोगऱ्याचा प्रश्न सुटलेला नाही. त्याला ओल लागते. २०१६ च्या त्या उन्हाळ्यात आम्ही त्याला रोज एक तांब्या स्वच्छ पाणी दिले. आईचे झाड मरू देणे जमले नाही. तो तांब्या कोणाच्या वाट्याचा होता, हे आम्हांला माहीत नाही. पण तो कोणाचा तरी होता, याचा विसर पडू नये, असे वाटते. त्या वर्षीची फुले आम्ही घरात ठेवली नाहीत. सकाळी ओंजळभर खुडून मावशींच्या पदरात घालीत होतो.