शंकासमाधान : पळीभर तीर्थ

या खेपेला एकच पत्र घेतलं आहे. आखाडा बाळापूरच्या एका वाचकानं आईविषयी चार पानं भरून लिहिलं, त्यातल्या शंका त्यांच्याच शब्दांत पण थोडक्यात देतो. त्यांच्या इच्छेवरून नाव दिलेलं नाही.

शंका : माय जाऊन वर्ष होत आलं. वीस वर्षं साखरेचा आजार, शेवटची चार वर्षं डायलिसिस. आठवड्यातून दोनदा नांदेडला न्यायचो. तिनं जन्मात एकादशी सोडली नव्हती. डॉक्टरांनी उपवास बंद करा म्हणून सांगितलं, तिनं ऐकलं नाही. एका एकादशीला मी रागानं तिच्यापुढचं ताट उचललं. ताटात शेंगदाण्याची आमटी, उकडलेलं रताळं आणि दोन केळी होती. त्या जागी भाकरी आणून ठेवली. ती मुकाट्यानं जेवली. रात्री एवढंच म्हणाली, "माही एकादशी मोडलीस रं बाबा." पुन्हा तिनं एकादशी धरली नाही. मला दोष लागला का?

समाधान : एकादशीला धान्य वर्ज्य, हे खरं. पण महाभारताच्या उद्योगपर्वात, विदुरनीतीत, व्रत कशानं मोडत नाही हेही सांगितलं आहे. पाणी, कंदमुळं, फळं, दूध, हविष, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचं वचन आणि औषध, अशा या आठ गोष्टी. यातलं शेवटचं नाव पुन्हा वाचा. तुमच्या मायसाठी भाकरी त्या दिवशी औषध होती.

ताटाविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण ते घरोघरी वाढलं जातं. आपण 'एकादशी अन् दुप्पट खाशी' म्हणून हसतो, पण मूत्रपिंडाच्या रोग्यासाठी ती हसण्याची गोष्ट राहत नाही. रताळं, बटाटा, केळी, शेंगदाणे, खजूर या सगळ्यांत पोटॅशियम भरपूर. चांगलं मूत्रपिंड जादाचं लघवीवाटे काढून टाकतं, निकामी झालेलं काढत नाही. ते रक्तात साचतं आणि दोन डायलिसिसच्या मधल्या दिवसांत हृदयाचे ठोके बिघडवतं, कधी थांबवतं. वारंगा फाट्यावरून अर्धापूरकडे जाताना दोन्ही अंगांना केळीच्या बागा लागतात. आठवड्यातून दोनदा तुम्ही त्यांतूनच गेलात आणि तिला एक केळं देता येत नव्हतं. उपाशी राहणंही तिला सोपं नव्हतं. साखरेचं इंजेक्शन किंवा गोळी घेऊन पोट रिकामं ठेवलं तर साखर एकदम उतरते, माणूस घामाघूम होऊन पडतो. म्हणजे खाल्लं तरी भीती आणि न खाल्लं तरी भीती. तेव्हा भाकरीचा दोष तुम्हाला नाही.

ताट उचलण्याची चूक मात्र आहे, ती मी झाकणार नाही. ज्याला स्वतःला व्रत जमत नाही त्याच्यासाठी मुलानं, नवऱ्यानं, भावानं ते धरावं, अशी प्रतिनिधीची सोय आपल्या धर्मशास्त्रात जुनी आहे. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी 1790 साली धर्मसिंधु लिहिला, तो रोजच्या आचारातल्या असल्याच अडचणी सोडवायला. "माय, तू भाकरी खा, तुझी एकादशी मी धरतो," एवढं म्हणाला असता तर ती बहुधा हसली असती. दमलेल्या माणसाला रागाच्या भरात हे सुचत नाही, हेही मला कळतं. चार वर्षं आठवड्यातून दोनदा आईला नेणं-आणणं सोपं नाही. आता धरायची तर धरा. तिच्या खात्यावर पुण्य किती जमा होईल हा हिशेब मला येत नाही.

शंका : सुई टोचायला तिच्या डाव्या हातात फिस्टुला केला होता. त्या हातात बांगडी घालायची नाही असं बजावलेलं. म्हणून ती सगळ्या बांगड्या उजव्या हातात भरायची. डाव्या मनगटावर बोट ठेवलं की थरथर लागायची. नातवंडांना म्हणायची, "बघा, माह्या आतमधी टाळ वाजतोय." ती गेल्यावर बहिणीनं त्या हातात हिरवा चुडा भरला. आत्या म्हणाल्या, सवाष्णीनं चार वर्षं एक हात मोकळा ठेवला, सौभाग्याला बाधा आली. खरं काय?

समाधान : तुमचे वडील हयात आहेत असं तुम्हीच दुसऱ्या पानावर लिहिलंय. मग बाधा आली कुणाला?

फिस्टुला म्हणजे हातातली रोहिणी आणि नीला शस्त्रक्रियेनं जोडलेली असते. जोरानं वाहणाऱ्या रक्तामुळे नीला फुगते आणि तिच्यातून रक्त यंत्रात नेता येतं. ती थरथर हीच ती चालू असल्याची खूण. घट्ट बांगडीनं, रक्तदाबाच्या पट्ट्यानं, त्या हातावर डोकं ठेवून झोपल्यानंसुद्धा ती बंद पडू शकते. चुडा हा लोकाचार आहे, सुंदर आहे, पण तो माणसाच्या नाडीपेक्षा मोठा नाही. बहिणीनं शेवटी भरला ते छान केलं. तेव्हा त्या हाताला जपायचं काही उरलं नव्हतं.

सवाष्ण गेलेल्या आईसाठी भाद्रपद वद्य नवमी असते, अविधवा नवमी. त्या दिवशी सवाष्णीला जेवू घालून चोळीखण आणि बांगड्या द्याव्यात. डायलिसिसच्या खोलीत चार वर्षांत तुमच्या ओळखीची एखादी बाई झालीच असेल. तिला बोलवा. बांगड्या एकाच हाताच्या घ्या आणि स्वयंपाक तिला चालेल असाच करा.

शंका : ही गोष्ट लिहायला लाज वाटते. तिला दिवसाला लिटरभरच पाणी होतं. सकाळी स्टीलच्या तांब्यात मोजून ठेवायची. तीर्थाची पळीसुद्धा त्याच तांब्यातून घ्यायची, वेगळी नाही. उन्हाळ्यात एकदा विठोबाला म्हणाली, "तुला रोज घंगाळभर आंघोळ, आन् मला घोटभर पाणी नाही!" तीन दिवस देव पाण्याखाली घातला नाही. चौथ्या दिवशी आपणहून घातला. वर्षश्राद्धाला कीर्तन ठेवलंय. बुवा आईची माहिती मागतायत. बहीण म्हणते, हे सांगू नको, लोक म्हणतील शेवटी तिची श्रद्धा ढळली.

समाधान : तुमच्या घरापासून नर्सी काही लांब नाही. कयाधूकाठी, त्याच नर्सीत 1270 साली नामदेव जन्मले असं परंपरा सांगते. त्यांची आई गोणाई. गाथेत तिच्या तोंडचे अभंग आहेत, त्यांत ती पंढरीरायाशी रोखठोक भांडते, माझं पोर तू नेलंस, परत दे म्हणते. गंगाखेडच्या जनाबाईनं तर त्याला शिव्याच घातल्या. वारकऱ्यांनी हे अभंग सातशे वर्षं जपले, लाजेनं गाळले नाहीत. देव नाहीच असं ज्याला वाटतं तो कुणाशी भांडेल? तुमची माय तीन दिवस अबोला धरून बसली, म्हणजे समोर कुणीतरी आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं.

आपल्याकडे आई गेली की वर्षभरात तिची तसबीर होते. सोशिक, हसतमुख, कधी तक्रार नाही. मला अशा तसबिरी आवडत नाहीत. तहानेनं जीभ कोरडी पडली असताना मोजक्या पाण्यातली एक पळी बाजूला काढणारी बाई त्यात मावत नाही. बुवांना तांब्याचं सांगा, पळीचं सांगा आणि भांडणही सांगा. बहिणीला म्हणावं, ऐकणाऱ्या बायकांपैकी निम्म्या तरी मान डोलावतील.

शंका : भावकीतले काहीजण म्हणतात, एवढा आजार म्हणजे मागच्या जन्मीचं पाप. आणि दरवर्षी ती आषाढीनंतरच्या परतवारीला नर्सीला जायची, ते शेवटच्या वर्षी राहून गेलं. त्याचं काय करावं?

समाधान : पापाचं उत्तर थोडक्यात. साखर वर्षानुवर्षं रक्तात चढी राहिली की मूत्रपिंडाच्या बारीक गाळण्या खराब होतात. मागचा जन्म ज्यांनी पाहिला असेल त्यांनी पुढं यावं.

परतवारीला तुम्ही जा. बहिणीलाही न्या. तिच्या नावानं फक्त दर्शन घ्या, नवस वगैरे काही नको.

त्याआधी एक काम आहे. साखरेचा आजार घराण्यात उतरतो, आणि मूत्रपिंड बिघडू लागलेलं सुरुवातीला कळत नाही, काही दुखत नाही. तुम्ही दोघांनी रिकाम्या पोटीची साखर, लघवीतलं अल्ब्युमिन आणि रक्तातलं क्रिएटिनिन तपासून घ्या, आणि दरवर्षी घेत जा. एकादशीच्या सकाळी गेलात तर पोट आयतंच रिकामं असेल.